बिराजदार बाईंचा मंगळ

लातूरच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला लागलो, तेव्हा स्टाफरूममधलं माझ्या शेजारचं टेबल भूगोलाच्या सुनंदा बिराजदार बाईंचं होतं. पहिल्याच दिवशी मी माझा डबा त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि खाली काहीतरी करकरलं. कागदावर वाळू पसरून ठेवलेली होती. बाईंनी डबा उचलून माझ्या हातात दिला, वाळूकडे वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मांजरा नदीची आहे. आता तिच्यात तुमच्या भाजीचं तेल गेलं." आमची ओळख अशी झाली. पुढं ती तीस वर्षांहून जास्त टिकली.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. इरकली लुगड्याच्या काठासारखा ठसठशीत आवाज. पायात पुरुषी चामडी चपला, कारण बायकांच्या चपला चिखलात तुटतात असं त्यांचं म्हणणं. हातात बारा महिने छत्री असायची, पण ती त्यांनी उघडलेली मी क्वचितच पाहिली. छत्रीचं टोक जमिनीत खुपसून खालची माती बघायची, हा तिचा मुख्य उपयोग. त्यांच्याबरोबर गांधी चौकातून चालत जाणं म्हणजे शिक्षाच. पाऊस होऊन गेलेला असला की बाई मधेच गायब व्हायच्या. मागं वळून बघावं तर गटाराच्या कडेला उकिडव्या बसलेल्या, आणि रस्त्यावरच्या गाळात ओघळांनी काय नक्षी काढलीय ते बघून राहिल्यात. ओळखीचे लोक नमस्कार करून पुढं जायचे. अनोळखी लोकांना वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

त्यांचा पहिला तास बघायला मी मुद्दाम वर्गाच्या दारात उभा राहिलो होतो. शिपाई दोन पराती आणि तांब्या घेऊन आला. परातींत बारीक वाळू भरलेली. बाईंनी सगळ्या पोरांना भिंतीकडं तोंड करायला लावलं. मग एका परातीखाली पुस्तक सरकवून ती तिरकी केली आणि वरच्या अंगानं तांब्यातलं पाणी हळूहळू सोडलं. दुसऱ्या परातीवर हातपंख्यानं एकाच बाजूनं वारा घातला. पहिल्या परातीतलं पाणी खाली निथळून गेल्यावर म्हणाल्या, "आता वळा. कुणी काय केलं ते मला विचारू नका. परातीला विचारा."

पोरं परातींवर वाकली. एकीत बारीक ओघळ एकमेकांना मिळत मिळत मोठे झालेले. मधे एक खडा होता, त्याच्याभोवती वाळूचं बेट उरलं होतं, वरच्या अंगाला बोथट आणि खालच्या अंगाला निमुळतं. दुसरीत नुसत्या लाटा. खड्याच्या आडोशाला वाळूची लांब शेपटी. बाई सांगत होत्या, की पाण्याला उताराची सक्ती असते, वाऱ्याला नसते. वारा चढावरही जातो. पाण्याला तेवढं जमत नाही, म्हणून ते लपूच शकत नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला आणि फळ्याला टाचला. परातीत दिसली तशीच निमुळती बेटं, एकामागं एक, पण करड्या, ओसाड जमिनीवर.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं. कुणी गोदावरी म्हणालं, कुणी राजस्थान. बाई म्हणाल्या, "हा मंगळ आहे. यानातून काढलेला फोटो. यातलं एकेक बेट आपल्या लातूरपेक्षा मोठं आहे. आज तिथं थेंब नाही. पण ही सही पाण्याची आहे."

मंगळाशी त्यांचं नातं कसं जुळलं ते त्या स्वतःच हसत सांगायच्या. बाई मूळच्या देवणीकडच्या. वयात आल्यावर पत्रिकेत कडक मंगळ निघाला आणि आलेली स्थळं एकेक करून परत गेली. धर्माबादच्या एका घरी तर साखरपुड्याची सुपारीसुद्धा फुटली होती, तेही मोडलं. थोरली बहीण रडली, आईनं अंथरूण धरलं. बाई तेव्हा एम.ए. करत होत्या. त्या लायब्ररीत गेल्या आणि मंगळावर जे काही मिळेल ते मागवलं. "ज्यानं माझं लग्न अडवलं त्याची चौकशी तर करायला पाहिजे का न्हाई?" असं त्या म्हणायच्या. चौकशी सुरू झाली ती संपलीच नाही. लग्नाचा विषय मागं पडला आणि मंगळ राहिला.

आमचं भांडण याच मंगळावरून. मी फिजिक्सचा माणूस, पुराव्याशिवाय हलणार नाही. मी म्हणायचो, बाई, असे पाट लाव्हासुद्धा कोरतो. आपला सगळा मराठवाडा लाव्ह्यावर बसलाय. हजार मैलांवरून काढलेल्या फोटोवरून नदी होती असं शपथेवर कसं सांगता? बाई बेटांची टोकं दाखवायच्या, खोऱ्यांच्या तोंडाशी पसरलेले गाळाचे पंखे दाखवायच्या. मी मान हलवायचो. शेवटी एका दुपारी त्यांनी पिशवीतून सुपारीएवढा गोल खडा काढून माझ्या पुस्तकावर ठेवला.

"हा मांजरेचा," त्या म्हणाल्या. "लाव्हा असा खडा घडवत नाही. वाऱ्याला एवढा उचलवत नाही. हा फक्त पाण्यात घासून घासून होतो. असा खडा मंगळावर सापडला, एका जागी ढिगानं सापडला, तर तुम्ही काय कराल?"

मी म्हणालो, भरल्या वर्गासमोर उभा राहून सांगेन की बाई बरोबर होत्या.

"मग सांभाळून राहा," बाई म्हणाल्या आणि खडा परत पिशवीत टाकला.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. लातूर शहर थोडक्यात बचावलं, पण किल्लारीकडच्या गावांचं काय झालं ते दिवस उजाडल्यावर कळलं. बाईंची ती थोरली बहीण, अक्का, त्याच भागात दिली होती. अक्का वाचली, दाराच्या चौकटीखाली. तिचा नवरा गेला. बाई दोन दिवस तिकडं राहून आल्या. तिसऱ्या दिवशी उठून प्राचार्यांना म्हणाल्या, की मला पोरं द्या, ट्रक द्या, मी जाते. प्राचार्यांनी सांगितलं म्हणून मीही बरोबर गेलो.

गावाच्या मातीच्या ढिगाऱ्यापासून थोडं लांब पत्र्याची शेडं उभी करायची होती. जागा ठरली होती. ज्वारीचं सपाट रान, विहीर जवळ, रस्ता जवळ. गावच्या लोकांना ती पसंत होती. रेड्डी नावाचा तरुण इंजिनिअर होता, थंडीच्या आत काम संपवायचा त्याला हुकूम होता. आम्ही पत्रे उतरवत होतो आणि बाई छत्री टेकत रानातून फिरत होत्या. फिरता फिरता त्या बसल्या. मग दहा पावलं जाऊन पुन्हा बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील. जवळ गेलो तर त्यांनी ढेकळं बाजूला सारून खालचे गोटे उघडे केले होते. दुरडीत भाकऱ्या रेलून ठेवाव्यात तसे चपटे गोटे एकमेकांवर रेललेले, सगळे एकाच बाजूला.

बाई उठल्या, थेट रेड्डीकडं गेल्या, छत्रीनं रानातून एक रेघ दाखवली आणि म्हणाल्या, की गोटे असे वाहतं पाणीच रचतं, इथं शेडं घालू नका.

रेड्डीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. इथं पाणी कधी आलं होतं का? कुणीच बघितलं नव्हतं. लोक चिडले. बाई जी दुसरी जागा दाखवत होत्या ती वरच्या मुरमाड माळावरची, विहिरीपासून लांब. घरं आणि माणसं गमावलेली ती माणसं, आणि ही शहरातली बाई त्यांना अजून लांब चालायला सांगत होती. सगळ्यात जास्त अक्काच बोलली.

"सुने, लगीन होऊन आले तवापासून हितं ज्वारी बघते मी. पाणी न्हाई बघितलं."

"अक्का, पाणी गावाला गेलंय," बाई म्हणाल्या. "वर कुणीतरी बांध घालून ओढा वळवलाय. घर त्याचंच हाय हे. परत येईल तवा इचारून येणार न्हाई."

अक्कानं मान फिरवली. तेव्हा बाईंनी पिशवीतून तो फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. अक्कानं बेटांकडं पाहिलं. हे कुठलं गाव, म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं.

"हितं कोण राहतंय?"

"कुणीच न्हाई."

"मग पाणी होतं म्हणून तुला सांगितलं कुणी?"

"जमिनीनं," बाई म्हणाल्या. "तिथं कुणी राहत न्हाई अक्का, म्हणून कुणी खोटंबी बोलत न्हाई."

भूकंपानंतर त्या गावात हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कुणीतरी मागं खुदकन हसलं. रेड्डीही हसला. तो म्हणाला, बाई, एक खड्डा घेऊन बघू, मग तुम्ही म्हणाल ते. पोरांनी छातीइतका खड्डा खणला. वर काळी माती. तिच्याखाली स्वच्छ धुतलेली वाळू, तिरक्या थरांची. वाळूखाली गोटे, वरच्यांसारखेच रेललेले. रेड्डी खड्ड्यात उतरला, थरांवरून बोट फिरवलं आणि वर येऊन हात झटकत त्यानं मुकादमाला सांगितलं, की पत्रे परत ट्रकमध्ये भरा.

अक्का कितीतरी दिवस बाईंशी धड बोलली नाही. घागर घेऊन माळ चढताना ती बहिणीचं नाव घेऊन शिव्या द्यायची, असं गावातलेच लोक सांगायचे. बाई ऐकून घ्यायच्या. फक्त एकदा मला म्हणाल्या, "सर, मी चुकले असले तर त्या बायकांना मी फुकटच चढ चढायला लावला." त्यांना झोप लागत नसावी, कारण पुढच्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला आणि जुनं रान कोरडंच राहिलं.

त्यापुढच्या पावसाळ्यात मात्र एका आठवड्यात आभाळ फाटलं. वरचा बांध फुटला. निरोप आला तशा बाई निघाल्या, मीही गेलो. एस.टी. अलीकडंच थांबली, पुढं चालत गेलो. ज्वारीच्या त्या रानातून लाल गढूळ पाणी वाहत होतं, कमरेइतकं, जिथून बाईंनी छत्रीनं रेघ दाखवली होती बरोबर तिथून. खड्डा खणला होता ती जागा मधोमध. शेडं वरच्या माळावर कोरडी ठणठणीत उभी होती आणि अख्खं गाव, म्हातारी, लेकुरवाळ्या, शेरडं, सगळी माळाच्या कडेला रांगेनं उभी राहून पाण्याकडं बघत होती. बाईंना बघून लोकांनी वाट करून दिली. एकदोघी पाया पडायला वाकल्या, बाईंनी त्यांना वरच्या वर धरलं.

अक्का पुढं आली. तिनं बहिणीच्या ओल्या डोक्यावरून पदर फिरवून पुसलं.

"सुने, तुझा त्यो मंगळ बरा हाय गं," ती म्हणाली. "आपणच उगं बोल लावला."

बाईंना मी रडताना त्याच दिवशी पाहिलं. पण त्या हसतही होत्या, आणि पाणी ओसरायच्या आत बेट कुठं तयार होतंय ते बघायला खाली जायचं म्हणून हट्ट धरून होत्या.

त्याच सुमाराला लातूरचं रूप पालटायला लागलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं शिकायला येऊ लागली. गल्लोगल्ली क्लास, खानावळी, पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, मधलं काही नाही. भूगोलाला कोण विचारतो? बाईंचा वर्ग दरसाल आकसत गेला. एक वेळ अशी आली की पराती शिपायाऐवजी त्या स्वतःच आणायच्या, कारण बघायला चार डोकी असायची. मला वाटलं, आता बाई थकतील. पण त्या क्लासमध्ये शिरल्या.

संतोष नावाचा माझा एक जुना विद्यार्थी. त्याचा मोठा क्लास होता, पत्र्याच्या छताचा हॉल आणि शेकडो पोरं. बाई एके दिवशी त्याच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या, की रविवारी तुझा हॉल तासभर रिकामा असतो, तो मला दे. संतोषनं मानधनाचं विचारलं तर म्हणाल्या, एक टेबलफॅन लागेल, बाकी काही नको. एवढ्या मोठ्या हॉलात हातपंखा दिसायचा नाही.

पहिल्या रविवारी पोरांनी बाकाखाली प्रश्नसंच उघडून ठेवले होते. पराती आल्या, फॅन लागला, वाळू उडाली, पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांत गेली. मग प्रश्नसंच मिटायला लागले. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"परीक्षेला न्हाई येत," बाई म्हणाल्या. "पावसाळ्याला येतं."

आणि त्यांनी ज्वारीच्या रानाची हकिकत सांगितली. त्या पोरांतली निम्मी तरी भूकंपाच्या वेळी प्राथमिक शाळेत होती, किती जणांच्या घरचं कोण गेलं होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी हॉल भरला. नंतर तर जागा धरायला पोरं आधी येऊन बसायची. बाईंचा तो तास त्या निवृत्त झाल्यावरही चालू राहिला.

मधल्या काळात मंगळावर गाड्या उतरू लागल्या. अशीच एक गाडी उतरली आणि पेपरात फोटो आला. मंगळाच्या मातीत गोल गोल गोळ्या, शेकड्यांनी पसरलेल्या. संतोष पेढे घेऊन बाईंकडं धावला. मीही गेलो, हार मानायची तयारी करूनच. हॉलमध्ये सत्कार ठेवायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. बाईंनी चष्मा वर केला, भिंगातून फोटो बघितला, पुन्हा बघितला आणि पेपर घडी करून परत दिला.

"हे नदीचे गोटे न्हाईत."

संतोष म्हणाला, मॅडम, गोलच तर आहेत.

"फारच गोल आहेत. आणि सगळे एका मापाचे," बाई म्हणाल्या. "नदीला एवढी शिस्त नसते. तिच्यात बारीक, मोठं, चपटं, वेडंवाकडं सगळं असतं. आपल्या काळ्या रानात चुनखडीचे खडे धरतात, तसे हे खडकातच धरलेत. ओल होती तिथं, हे खरं. पण वाहतं पाणी यावरून कळत न्हाई. सरांनी अजून काही म्हणायची गरज नाही."

पेढे आम्ही तिघांनी तसेच खाल्ले. हातातोंडाशी आलेला विजय या बाईंनी असा बाजूला सारला, आणि वरून मला म्हणाल्या, की तुम्ही एवढ्यात पडायला तयार कसे झालात? तुमच्यावरचा माझा विश्वास उडेल अशानं.

पुढं मी निवृत्त होऊन मुलाकडं नांदेडला राहायला आलो. बाई देवणीला भाच्याकडं. त्यांचा फोन सकाळी यायचा नाही, पण एके दिवशी आला. म्हणाल्या, सर, आजचा पेपर बघितला का? मी अजून उघडलाही नव्हता. "बघा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रस्त्याच्या कामात काँक्रीटचा तुकडा उखडून वर यावा, तसा एक खडक मंगळाच्या जमिनीतून डोकं वर काढून तिरका उभा होता. त्यात खडे रुतलेले. बारीक, मोठे, चपटे, काही चांगलेच गोल. नव्या गाडीनं पाठवलेला फोटो. खाली लिहिलं होतं, की इथं कधीकाळी ओढा वाहत होता. मी भिंग शोधलं, पण खरं तर त्याची गरज नव्हती.

मी संतोषला फोन केला आणि लातूरची गाडी धरली. हॉल आता पत्र्याचा राहिला नव्हता, मोठी इमारत झाली होती. पोरं तर पायऱ्यांवरही बसलेली. भिंतीवरच्या पडद्यावर तो फोटो लावला होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पांढरेशुभ्र केस, मांडीवर पिशवी. मी माईकसमोर उभा राहिलो. मी पोरांना सांगितलं, की फार वर्षांपूर्वी या बाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती, मी पुरावा मागितला होता, आणि बाईंनी तो येईपर्यंत वाट पाहिली. मधे एकदा चुकीचा पुरावा आला तर तो त्यांनी स्वतःच परत पाठवला. आज बरोबर पुरावा आलाय. "बाई बरोबर होत्या," मी म्हणालो. "मंगळावर नदी होती."

पोरं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. खरं तर मलाही त्या थांबू नयेत असंच वाटत होतं. बाई सावकाश वर आल्या, मला नमस्कार केला आणि माईक हातात घेतला.

"सरांचे आभार," त्या म्हणाल्या. "फक्त नदी म्हणू नका. खड्यांच्या मापावरून पाणी घोट्यापासून कमरेइतकं असावं. ओढाच म्हणा." आणि मग हसू आवरेना तेव्हा माईक बाजूला करून तोंडाला पदर लावला. हॉलमधल्या त्या गलक्यात, सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंचे खांदे हसण्यानं हलताना मी बघत होतो. एवढा खूश झालेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

बाई गेल्या ती बातमी मला फोनवर कळली. आजारी होत्या म्हणे थोडेच दिवस. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या उन्हाळ्यात. एका लग्नासाठी आम्ही माझ्या मुलाच्या गाडीतून लातूरहून नांदेडला निघालो होतो. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. लोह्याच्या अलीकडं पोकलेननं टेकडी उभी कापली होती आणि काळ्या खडकाच्या दोन जाड थरांच्या मधून, एक लाव्हा निवून दुसरा येईपर्यंतच्या काळात धरलेल्या मातीचा, हातभर रुंदीचा एक लालभडक पट्टा लांबपर्यंत गेलेला दिसत होता. बाईंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. नव्या जरीच्या लुगड्यात त्या खाली उतरल्या. माझे गुडघे तोवर गेले होते, मी काच खाली करून बसून राहिलो.

मजुरांनी हात हलवून त्यांना मागं जायला सांगितलं. बाईंनीही उलट हात हलवला आणि चढत राहिल्या. शेवटी ऑपरेटरनं मशीन बंद केलं आणि रागानं खाली उतरून त्यांच्याकडं गेला. काय बोलणं झालं ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. बाईंनी तळहात त्या लाल पट्ट्यावर टेकवला, मग वरच्या काळ्या खडकावर, मग खालच्या. ऑपरेटरनं कमरेवरचे हात खाली घेतले. त्यानं वाकून पट्ट्याला बोट लावलं, बोट बघितलं आणि खालच्या माणसांना हाक मारली. पिवळ्या टोप्या एकेक करून वर चढू लागल्या.

मुलानं घड्याळाकडं बघत विचारलं, बाबा, हॉर्न वाजवू का? मी नको म्हणालो.